दोन सरकारांचा करार आणि मधली गावं

(अक्राणी-अक्कलकुवा भागातल्या पाड्यांच्या बैठकीत जानेवारी १९९७ मध्ये केलेलं भाषण. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. पाड्यावर वाचून दाखवावं.)



दिवाळीनंतर आम्ही चौघे जण उत्तरेकडे पहाडात जाऊन आलो, हे तुम्हाला माहीत आहे. परत आल्यावर पहिल्याच बैठकीत एका बाबांनी विचारलं, "पोरांनो, इथे जंगलजमिनीचे दावे पडून आहेत, फॉरेस्टवाले दंडाच्या पावत्या फाडतायत, खाली धरणाचं पाणी थांबलंय ते केव्हा चढेल त्याचा नेम नाही. आणि तुम्ही नेपाळचं काय घेऊन बसलात?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण बाबांचा प्रश्न खरा आहे. आज आम्ही जे बोलणार आहोत ते त्या प्रश्नाचंच उत्तर आहे.

आधी जागा नीट समजून घेऊ. आपला सातपुडा आहे तसा भारताच्या उत्तरेला हिमालय आहे, पण आपल्या डोंगरावर डोंगर कितीतरी वेळा ठेवावेत एवढा उंच. त्या डोंगरात नेपाळ आणि भूतान हे दोन देश आहेत. तिथल्या नद्या पावसावर वाहतात आणि बर्फाच्या पाण्यावरही वाहतात, म्हणून उन्हाळ्यातही आटत नाहीत. पाणी जितकं उंचावरून पडेल आणि जितकं जास्त पडेल तितकी वीज जास्त. म्हणून सगळ्यांची नजर त्या नद्यांवर आहे. नेपाळच्या नद्यांत ८३,००० मेगावॉट वीज आहे असं तिथले पुढारी नेहमी सांगतात. १९६६ साली एका नेपाळी अभियंत्याने कागदावर मांडलेला हा हिशोब आहे. प्रत्यक्षात आजवर पाण्यावरची ३०० मेगावॉटही उभी झालेली नाही, आणि नेपाळची बहुतेक गावं रात्री आपल्या पाड्यांसारखीच अंधारात असतात.

नेपाळकडे पाणी आहे, पैसा नाही. भारताकडे कारखाने आणि शहरं आहेत, त्यांना वीज हवी. म्हणून दोन्ही सरकारं एकत्र बसतात आणि करार करतात. याला ते सहकार्य म्हणतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याशी सहकार्य करावं याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की नदीच्या काठावर जो राहतो तो या सहकार्यात कुठे बसतो?

आता आम्ही जिथे गेलो त्या नदीबद्दल. तिचं नाव महाकाली. वर पहाडात तिला काली म्हणतात, खाली सपाटीवर आली की शारदा म्हणतात. बऱ्याच लांबवर हीच नदी दोन देशांची हद्द आहे. अलीकडे उत्तर प्रदेशचा पिथौरागढ जिल्हा, पलीकडे नेपाळचे दार्चुला, बैतडी आणि डडेलधुरा. गेल्या वर्षी, १२ फेब्रुवारी १९९६ ला, भारताचे पंतप्रधान नरसिंह राव आणि नेपाळचे पंतप्रधान शेरबहादुर देउबा यांनी महाकाली करारावर सह्या केल्या. सप्टेंबरात नेपाळच्या संसदेने दोन-तृतीयांश मतांनी तो मंजूर केला. या करारात पंचेश्वर नावाचं एक धरण आहे. सरयू नदी महाकालीला जिथे मिळते तिथे ते बांधायचं आहे. उंची ३१५ मीटर. आपल्या डोक्यावर जे सरदार सरोवर बसवलंय त्याची पूर्ण उंची १३८ मीटर धरलेली आहे. म्हणजे त्याच्या दुपटीपेक्षाही उंच. वीज धरली आहे ६,४८० मेगावॉट. सरदार सरोवराची आहे १,४५०. तुम्हीच अंदाज करा.

आम्ही टनकपूरपर्यंत रेल्वेने गेलो. तिथून पिथौरागढ, आणि मग खाली उतरून झुलाघाट. झुलाघाटला नदीवर लोखंडी दोरांवर टांगलेला झुलता पूल आहे. पुलाच्या या टोकाला भारताचा शिपाई, त्या टोकाला नेपाळचा. पण आम्ही पाहिलं, बाया डोक्यावर ओझं घेऊन पलीकडे जातात, पलीकडचे म्हातारे इकडे दुकानात मीठ-तेल घ्यायला येतात, आणि पासपोर्ट कोणी विचारत नाही. रोटी-बेटीचा व्यवहार आहे. एकाच घरातली एक मुलगी भारतात दिली, दुसरी नेपाळात दिली. आपल्या भागात नदीच्या या काठावर महाराष्ट्र आणि त्या काठावर मध्य प्रदेश किंवा गुजरात, पण सोयरीक दोन्हीकडे. अगदी तसंच.

तिथे एका आजीच्या घरी आम्ही दोन रात्री राहिलो. तिचं माहेर बैतडीत, सासर इकडे. नदीकाठच्या ओलिताच्या जमिनीला तिथे तलाऊँ म्हणतात. त्याच जमिनीत भात पिकतो. वरच्या उताराच्या जमिनीला पाणी नाही. आजी म्हणाली, "खालची गेली तर वरची काय देणार?" मग तिने आम्हाला विचारलं, "तुमच्याकडे धरण आलं तेव्हा गावाला आधी कोणी विचारलं होतं का?" आम्ही सांगितलं, "आधी खुणेचे दगड आले. त्यांचा अर्थ नंतर कळला." आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडेही सर्वेवाले येऊन जातात. चहा पितात, आणि सांगत काहीच नाहीत."

बाबा, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे आहे. ती आजी आज जिथे उभी आहे तिथे आपण वीस वर्षांपूर्वी उभे होतो.

१९७९ साली नर्मदा लवादाचा निवाडा आला. तीन राज्यांनी नर्मदेचा हिशोब केला. विजेचे वाटे पडले: मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७ टक्के, गुजरात १६ टक्के. महाराष्ट्राचे २७ टक्के म्हणून मुंबईला समाधान झालं. त्या २७ टक्क्यांसाठी महाराष्ट्राच्या नावाने बुडणार कोण? आपली ३३ गावं. त्या २७ टक्क्यांतला एक तरी दिवा आपल्या पाड्यावर लागेल असं कुठे लिहिलं आहे का? वाटणी राज्यांमध्ये झाली. गाव त्या हिशोबात फक्त बुडणाऱ्याच्या रकान्यात आलं. दोन देश वाटणी करतात तेव्हाही हेच होतं, फक्त रकाने मोठे असतात.

आता या भागातले जुने करार बघू. त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

महाकालीवरचा पहिला करार १९२० सालचा. तेव्हा इथे इंग्रज होते आणि नेपाळात राणांचं राज्य होतं. इंग्रजांना बनबसाला बराज बांधून शारदा कालवा काढायचा होता. त्यासाठी नेपाळने चार हजार एकरांच्या वर जमीन दिली आणि तेवढीच दुसरीकडे घेतली. नेपाळला थोडं पाणी मिळालं, बाकीचं कालव्यात गेलं. राजांनी जमिनीची अदलाबदल केली, जशी आपण बैलांची करतो. त्या जमिनीवर कोण राहत होतं, हे त्या करारात शोधूनही सापडत नाही.

मग स्वातंत्र्य आलं. २५ एप्रिल १९५४ ला कोशीचा करार झाला, ४ डिसेंबर १९५९ ला गंडकचा. कोशी नदी नेपाळातून बिहारात येते, पूर आणते आणि गाळ आणून पात्र बदलते. पूर थांबवायचा म्हणून नेपाळच्या हद्दीत, सीमेला लागून, ५६ दरवाज्यांचा बराज बांधला. ते दरवाजे भारत चालवतो. नदीच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब बांध घातले. हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. पण बिहारात त्या दोन बांधांच्या मध्ये साडेतीनशेच्या वर गावं राहिली. विचार करा, नदीला भिंती घातल्या आणि माणसं भिंतींच्या आत ठेवली! दरवर्षी पाणी त्यांच्या घरात. पाण्याबरोबर गाळ येतो, पात्र वर चढतं, बांध पुन्हा उंच करावा लागतो. १९८४ साली सहरसा जिल्ह्यात नवहट्ट्याजवळ बांध फुटला, तेव्हा बांधाबाहेरचे, ज्यांना सुरक्षित म्हटलं होतं, तेही बुडाले. नेपाळच्या बाजूचे शेतकरीही गेलेल्या जमिनीच्या भरपाईसाठी भांडत राहिले. नेपाळात आजही कोशी-गंडकचं नाव काढलं की लोक म्हणतात, भारताने फसवलं. बिहारातला बांधाआतला माणूसही म्हणतो, आम्हाला फसवलं. दोन्ही देशांतला गरीब एकच तक्रार करतोय, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही.

तिसरी गोष्ट टनकपूरची. ही नीट ऐका, कारण यात लोकांच्या जोराचा हिशोब आहे. भारताने आपल्या बाजूला महाकालीवर टनकपूर बराज बांधला. पण त्याचा बांध पलीकडे उंच जमिनीला टेकवायला नेपाळची जागा लागली: ५७७ मीटर लांब, जेमतेम तीन हेक्टर. डिसेंबर १९९१ मध्ये दोन सरकारांनी एक समझोता केला. नेपाळच्या सरकारने आपल्या लोकांना सांगितलं, हा करार नाही, साधा समझोता आहे, संसदेत नेण्याची गरज नाही. त्या तीन हेक्टरांवरून नेपाळ पेटलं. लोक रस्त्यावर आले, एका वकिलाने सुप्रीम कोर्टात अर्ज केला. डिसेंबर १९९२ मध्ये नेपाळच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाव काहीही द्या, हा करारच आहे, संसदेपुढे आणा.

आता आकडे पाहा. पहिल्या समझोत्यात नेपाळला वर्षाला १ कोटी युनिट वीज फुकट द्यायचं ठरलं होतं. ओरड झाली तेव्हा ते २ कोटी झाले. गेल्या वर्षीच्या महाकाली करारात ते ७ कोटी युनिट झाले, आणि पाणीही वाढलं: पावसाळ्यात १,००० क्युसेक, कोरड्या दिवसांत ३००. बराज तोच, नदी तीच, जमीनही तेवढीच तीन हेक्टर. वाढलं काय? फक्त लोकांचं बोलणं वाढलं. दिल्लीत बसलेले साहेब पहिल्या दिवशी सांगतात, यापेक्षा जास्त देता येत नाही. चार वर्षांत सातपट देता आलं. म्हणून कोणी अधिकारी आपल्या पाड्यावर येऊन म्हणाला की "हा शेवटचा आकडा आहे, अंगठा करा," तर त्याला टनकपूरची गोष्ट सांगा.

पण त्यातही एक मेख आहे. ते ७ कोटी युनिट नेपाळ देशाला मिळाले. तीन हेक्टरांच्या शेजारच्या गावाला त्यातलं काय, हे करारात नाही. देशाने भांडून घेतलं आणि देशाच्या खिशात गेलं.

आता चौथी गोष्ट, ती आपल्याही घरची आहे. पूर्व नेपाळात अरुण नावाची नदी आहे. संखुवासभा जिल्ह्यात तिच्यावर अरुण-तीन नावाचा प्रकल्प ठरला होता, पहिल्या टप्प्यात २०१ मेगावॉट. खर्च जवळजवळ एक अब्ज डॉलर, त्यात जागतिक बँकेचं मोठं कर्ज. नुसतं बांधकामाच्या जागेपर्यंत पोचायला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता करायचा होता. नेपाळातले काही अभियंते आणि कार्यकर्ते म्हणाले, एवढं कर्ज आमच्या देशाला पेलणार नाही. एकाच टोपलीत सगळं घालण्यापेक्षा तेवढ्या पैशात आपलीच माणसं लहान लहान प्रकल्प करतील. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्यांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. त्या मंडळाकडे आलेली ती पहिलीच तक्रार. ऑगस्ट १९९५ मध्ये बँकेने अरुण-तीनमधून हात काढून घेतला.

आता विचारा, हे तपासणी मंडळ आलं कुठून? ते १९९३ साली बँकेने नेमलं, आणि ते नेमायची पाळी बँकेवर आणणाऱ्यांत आपल्या नर्मदेच्या लढ्याचा मोठा वाटा आहे. मणिबेलीची माणसं पाण्यात उभी राहिली, मोर्स समितीने १९९२ साली लिहून दिलं की या प्रकल्पात पुनर्वसन धड होऊ शकत नाही, आणि मार्च १९९३ मध्ये सरदार सरोवराचं उरलेलं कर्ज थांबलं. जगभर बँकेची नाचक्की झाली. तेव्हा कुठे लोकांना तक्रार करायला एक खिडकी उघडली. खिडकी आपल्या धडपडीने उघडली आणि तिच्यातून पहिला आवाज अरुण नदीच्या खोऱ्यातून गेला. मणिबेलीत ज्याचं घर गेलं त्याला हे माहीतही नसेल. म्हणून आज मुद्दाम सांगतोय. बाबा, तुमच्या प्रश्नाचं हे दुसरं उत्तर. आपण नेपाळचं काहीतरी नवीन घेऊन बसलो नाही. आपलं आणि त्यांचं नातं आधीच जुळलेलं आहे.

पण इथेच धोकाही आहे. ती खिडकी जागतिक बँकेची आहे. बँकेचं कर्ज असेल तिथेच ती उघडते. पंचेश्वर हा दोन सरकारांचा प्रकल्प आहे. त्यात बँक आली नाही तर झुलाघाटच्या आजीने तक्रार कुठे करायची? नेपाळच्या माणसाला निदान एक दार आहे. त्यांच्या १९९० च्या घटनेत लिहिलं आहे की नैसर्गिक साधनांच्या वाटणीचा मोठा करार संसदेच्या दोन-तृतीयांश मतांशिवाय पक्का होत नाही. म्हणून तर तिथे एवढी चर्चा झाली. आपल्या घटनेत अशी अट नाही. आपल्याकडे परदेशाशी करार मंत्रिमंडळ करतं, लोकसभेची मंजुरी घ्यावीच लागते असं नाही. त्यावर आणखी एक गंमत. गंगेच्या खोऱ्यातल्या या नद्यांत रोज किती पाणी वाहतं, तो आकडा आपलं सरकार गुप्त ठेवतं. नदीच्या काठावर जन्म गेला त्या माणसालाही तिच्या पाण्याचा आकडा मिळत नाही!

कोणी म्हणेल, सगळंच वाईट सांगता, चांगलं काहीच नाही का? आहे. भूतान बघा. १९७४ साली भारताने भूतानशी चुखा प्रकल्पाचा करार केला. ३३६ मेगावॉट. पैसा सगळा भारताचा, ६० टक्के अनुदान म्हणून आणि ४० टक्के कर्ज म्हणून. तिथे मोठा तलाव केला नाही, नदीचं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून नेऊन खाली सोडलं, त्यामुळे बुडीत फार झालं नाही. १९८६ पासून वीज सुरू झाली, भूतानला लागेल ती भूतानने ठेवली आणि उरलेली भारताला विकली. त्या विक्रीवर भूतान सरकारचा मोठा खर्च चालतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये ताला नावाच्या १,०२० मेगावॉटच्या प्रकल्पाचाही करार झाला. म्हणजे दोन देशांत वीज आणि पैसा यांची देवघेव सरळ होऊ शकते. चुखावरून एवढं शिकावं की आराखडा कसा करता त्यावर बुडणाऱ्यांची संख्या ठरते. पाणी अडवायचंच आणि तेही ३१५ मीटर अडवायचं, हा काही देवाचा नियम नाही. ती माणसाने केलेली निवड आहे, आणि निवड करताना गावाला विचारता येतं.

नेपाळातही लहान कामं झाली आहेत. आंधीखोला म्हणून ५ मेगावॉटचा प्रकल्प १९९१ साली सुरू झाला. नेपाळी कंपनीने नेपाळी माणसांच्या हातांनी केला, आणि वीज आधी आसपासच्या गावांत पोचवण्याचं काम त्याच्याबरोबर घेतलं. म्हणून "तुम्हाला वीज नको का?" असं कोणी विचारलं तर गप्प बसू नका. सांगा, हवी आहे. आमच्या पोरांना रात्री अभ्यास करायचा आहे, चक्की चालवायची आहे. आम्हाला हवी म्हणूनच विचारतो की आमच्यावरून जाणारी तार आमच्याकडे का थांबत नाही?

आता पहाडाच्या स्वभावाबद्दल दोन शब्द. हिमालय अजून हलतो. १९८० साली याच भागात, बझांग आणि धारचुलाच्या पट्ट्यात, मोठा भूकंप झाला. १९९१ साली उत्तरकाशीला झाला. वर बर्फाचे तलाव आहेत, ते कधी कधी फुटतात. ४ ऑगस्ट १९८५ ला नेपाळात खुंबू भागात दिग त्सो नावाचा तलाव फुटला आणि खाली जवळजवळ बांधून झालेलं वीजघर वाहून गेलं. वीज करारात किती वर्षं मिळेल ते लिहितात. डोंगर कोसळला, तलाव गाळाने भरला तर नुकसान कोणाच्या नावावर, हे तेवढ्या ठळकपणे लिहीत नाहीत.

किंमत कशी ठरते तेही समजून घेऊ, म्हणजे कोणी मोठे शब्द वापरून फसवणार नाही. नेपाळ म्हणतं, ही वीज मिळाली नाही तर भारताला तेवढीच वीज कोळसा जाळून करावी लागेल. त्या कोळशाच्या विजेला जो खर्च येईल तो धरून आम्हाला भाव द्या. म्हणणं बरोबर वाटतं. भारत म्हणतो, बांधायला जो खर्च आला त्यावर थोडा नफा धरून भाव ठरवू. मग खाली सपाटीवर जे ओलीत वाढणार आणि पूर कमी होणार त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर वाद. हे वाद वर्षानुवर्षं चालतील. दोन्ही बाजूंना हुशार माणसं आहेत. पण या सगळ्या बेरजेत आजीच्या तलाऊँचा भाव एकदाच, रेडीरेकनर बघून, ठरणार. धरण वर्षं-वर्षं कमावणार, तिला पैसे एकदाच.

आणि जंगल? हे आपल्या कामाचं आहे. कुमाऊंच्या गावांत १९३१ पासून वनपंचायती आहेत. गावाचं जंगल गाव सांभाळतं, कोणी किती लाकूड-चारा न्यायचा ते गाव ठरवतं. पलीकडे नेपाळने १९९३ च्या कायद्याने जंगलं गावातल्या वापरणाऱ्यांच्या समित्यांकडे द्यायला सुरुवात केली आहे. आपण ज्या जंगलात चार पिढ्या कसूनही अतिक्रमणदार ठरतो, तसल्याच जंगलाचा कारभार तिथे गावाकडे आहे. ते ऐकून आम्हाला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण धरण आलं तर नदीच्या दोन्ही काठांवरची ही गावकीची जंगलं बुडणार. त्यांची भरपाई कोणाला? खातेदार तर कोणी एक नाही. त्याच भागात राजी नावाचे आदिवासी आहेत, बाहेरचे त्यांना वनरावत म्हणतात. ते नदीच्या दोन्ही बाजूंना आहेत, अगदी थोडे, जंगलावर जगणारे. बहुतेकांजवळ जमिनीचा कागद नाही. भरपाईचा कायदा कागद बघतो. ज्याच्याजवळ कागद नाही तो बुडाला तरी बुडीतांच्या यादीत येत नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता शेवटचा मुद्दा, आणि इथे आपल्यावर काम येतं. गेल्या महिन्यात, २४ डिसेंबरला, दिल्लीत एक कायदा पक्का झाला. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा. त्यात लिहिलं आहे की प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणून हा कायदा आपल्याला लागू आहे. चांगलं झालं. पण शब्द बघा: सल्लामसलत. संमती नाही. साहेब येऊन सांगून गेला, हजेरीच्या वहीवर सह्या घेतल्या, झाली सल्लामसलत, असं उद्या म्हणतील. आणि वर पिथौरागढच्या राजींना तर एवढाही शब्द नाही, कारण उत्तर प्रदेशात अनुसूचित क्षेत्रच जाहीर केलेलं नाही.

म्हणून आमचं म्हणणं आहे की आपण या गोष्टी आजच ठरवाव्यात.

एक, प्रत्येक पाड्याने आपला हिशोब आपणच लिहावा. किती घरं, किती कसलेली जमीन, सातबाऱ्यावर असो वा नसो. किती मोहाची झाडं, किती झरे, कुठे देव, कुठे मसण. मोजणीवाल्याच्या आधी आपली वही तयार पाहिजे. जो आधी लिहितो त्याचा आकडा वाद घालायला तरी उभा राहतो.

दोन, कोऱ्या कागदावर आणि हजेरीच्या वहीवर सही-अंगठा नाही. ग्रामसभेचा ठराव आपल्या भाषेत वाचून दाखवल्यावरच अंगठा, आणि त्याची एक प्रत गावात राहील.

तीन, सल्लामसलतीच्या जागी संमती हा शब्द आला पाहिजे, अशी मागणी प्रत्येक ग्रामसभेने लेखी करायची. ती करताना फक्त आपलं लिहायचं नाही. नदी दोन राज्यांची असो की दोन देशांची, सह्या होण्याआधी दोन्ही काठांच्या ग्रामसभांना विचारा, असं लिहायचं.

चार, झुलाघाटच्या लोकांना आपण पत्र पाठवायचं. आम्ही निघालो तेव्हा आजी म्हणाली होती, "तुमच्याकडे पाणी चढलं तेव्हा पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, ते सगळं लिहून पाठवा. आमच्यात वाचणारी पोरं आहेत." ते पत्र ज्यांची घरं पाण्यात गेली त्यांनी सांगायचं, आम्ही लिहून घेऊ. होळीच्या आधी ते गेलं पाहिजे.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं तिसरं उत्तर हे पत्र आहे. आपल्याला खुणेच्या दगडाचा अर्थ सांगायला कोणी आलं नव्हतं. तिकडे दगड अजून बसायचे आहेत. आपण आधी सांगू शकतो.

आता ज्याला काही विचारायचं असेल त्याने विचारावं. बाया मागे बसल्या आहेत, त्यांनी पुढे यावं, पहिला प्रश्न त्यांचा.

जिंदाबाद!